ओलिओग्राफ, झिक्ले की हाताने काढलेली प्रतिकृती?

औंधच्या श्री भवानी चित्रसंग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे पाहून आलेल्या माणसाला तसे एखादे चित्र आपल्या घरी असावे असे वाटते, आणि साताऱ्यात परतून चौकशी केली की त्याच्यापुढे ओलिओग्राफ, झिक्ले आणि प्रतिकृती असे तीन शब्द येतात. निवड करण्यापूर्वी या शब्दांचे अर्थ नीट पाहावेत.

ओलिओग्राफमधील 'ओलिओ' लॅटिनमधल्या तेलवाचक शब्दातून आला. तैलचित्राचा भास देणारी रंगीत शिळाछाप, म्हणजे दगडावरून केलेली छपाई, हा त्याचा अर्थ. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागत असे. आमच्या देवघरातील जुन्या लक्ष्मीच्या गालावर भिंग धरले की गुलाबी आणि पिवळे ठिपके सुटे दिसतात, तर खालच्या कडेला भिंतीच्या ओलीने तपकिरी डाग पडले आहेत. असे चित्र घ्यायचे ते त्या काळाची वस्तू म्हणून. मूळ चित्रातील रंग हुबेहूब हवे असतील तर ते समाधान देणार नाही.

झिक्ले हा शब्द मात्र १९९१ चा. कॅलिफोर्नियातील मुद्रक जॅक डुगॅन यांना संगणकावरील छपाईसाठी 'इंकजेट' या शब्दाचा बाजारी वास नसलेले नाव हवे होते, म्हणून त्यांनी पिचकारीसारखे उडणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून ते घडवले. म्हणजे शाई कागदावर कशी पडली एवढेच हा शब्द सांगतो. शाई आणि कागद कोणते, हे सांगत नाही. शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची आहे का आणि कागद कापसाचा, आम्लरहित आहे का, हे विचारल्याशिवाय केवळ नावाला जास्त पैसे देऊ नयेत.

हाताने काढलेल्या चित्राला आपण प्रतिकृती म्हणतो, पण तेच काम नावडले की 'नक्कल' म्हणून मोकळे होतो. हा अन्याय आहे. नक्कल हा शब्द अरबी 'नक़्ल'वरून आला. एका जागेवरून दुसरीकडे नेणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि तहसील कचेरीतून शिक्क्यासह मिळणाऱ्या नकलेला आपण पूर्ण मान देतोच. चांगल्या चित्रकाराच्या प्रतिकृतीत त्याचा स्वतःचा हात दिसतो, तो पसंत असेल तरच हा मार्ग धरावा.

रोज पाहण्यासाठी, मूळ रंगांच्या शक्य तितके जवळचे चित्र हवे असेल, तर मी पिगमेंट शाईचे झिक्ले निवडीन; फक्त आपल्याकडच्या पावसाळ्यात फ्रेम भिंतीला चिकटवून न लावता मागे बोटभर हवा खेळू द्यावी.