वृद्धाश्रमासाठी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी: साथीच्या दिवसांत कितपत कामाची?

साथ आली की वृद्धाश्रमाचं फाटक बंद होतं आणि त्याच संध्याकाळपासून ऑफिसचा फोन थांबत नाही. सुरतचा मुलगा, पुण्याची सून, अमळनेरची लेक, सगळ्यांचा प्रश्न एकच: माय कशी आहे? फोन घेणारं माणूस एकच, आणि औषधं वाटणारंही तेच. धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या लहान आश्रमाला या कामासाठी वेगळं सॉफ्टवेअर परवडत नाही. हाताशी असतं ते व्हॉट्सॲप. त्यातल्या ब्रॉडकास्ट यादीला आम्ही पाचपैकी चार तारे देतो.

बहुतेक जण आधी ग्रुप काढतात आणि तिथेच फसतात. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात, पण प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. एकाने ‘आमच्या अप्पांच्या शेजारच्या खाटेला ताप आहे म्हणे’ असं टाकलं की दहा मिनिटांत सगळ्या घरांत घबराट. दोन भावांचं जुनं भांडणही तिथेच चव्हाट्यावर येतं. काढ्याचे फॉरवर्ड वेगळेच. ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही सेटिंग लावली तर गोंधळ थांबतो, नंबर मात्र दिसतच राहतात. ब्रॉडकास्ट यादीतून एक मेसेज २५६ जणांपर्यंत जातो, ज्याला-त्याला तो एकट्याला आल्यासारखा दिसतो आणि उत्तर फक्त आश्रमाकडे येतं. आपल्याला हेच हवं असतं.

मांडणी अशी करा. सिम आश्रमाच्या नावावर घ्या. व्यवस्थापकाच्या खासगी नंबरवर यादी केली की माणूस नोकरी सोडून गेला तर यादीही त्याच्याबरोबर जाते. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन (नंबर नव्या फोनवर चालू करताना व्हॉट्सॲप मागतं तो) रजिस्टरमध्ये लिहून कपाटात ठेवा. सगळे नंबर कागदावरही हवेत, कारण फोन पाण्यात पडायला साथ संपायची वाट बघत नाही. नावं सेव्ह करताना खोली क्रमांक आधी लिहा: ‘०७ लेक अमळनेर’, ‘०७ मुलगा सुरत’. प्रत्येक रहिवाशामागे दोन नंबर, आणि कोणाला कळवायचं ते त्या आजी-आजोबांनाच विचारा. आपल्याकडे प्रवेशाच्या फॉर्मवर मुलाचा नंबर असतो, लेकीचा राहून जातो; आणि जीव तोडून चौकशी करणारी बहुतेकदा लेकच असते. हा नंबर मागून घ्या. मग वरच्या तीन ठिपक्यांतून ‘न्यू ब्रॉडकास्ट’ आणि नावांची निवड, एवढंच काम.

आता कापलेल्या ताऱ्याचं कारण. समोरच्याने आश्रमाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नसेल तर ब्रॉडकास्टचा मेसेज त्याला पोहोचतच नाही, आणि व्हॉट्सॲप तसं ठळकपणे सांगतही नाही. दिसते ती नुसती एक टिक. आपण समजतो, कळवलं. तिकडे घरचे समजतात, आश्रम लपवतोय. यावर उपाय साथीच्या आधीचाच आहे. प्रवेशाच्या दिवशी नातेवाईक समोर बसलेले असतानाच नंबर सेव्ह करून घ्या आणि चाचणीचा मेसेज पाठवून बघा. दर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी घ्या, कारण माणसं फोन बदलतात. साथीच्या काळात रोजचा मेसेज गेल्यावर दोन तासांनी तो दाबून धरा आणि माहिती उघडा. कोणाला पोहोचला, कोणी वाचला, ती नावं दिसतात. ज्यांना पोहोचला नाही त्यांना साधा फोन करा. ब्लू टिक बंद ठेवणाऱ्यांचं नाव वाचलेल्यांत येत नाही, त्यामुळे ‘पोहोचला’ हीच खूण धरा.

मेसेज कसा असावा? रोज ठरलेल्या वेळी, पाच ओळींत, नावाशिवाय. उदाहरणार्थ: ‘१४ मे, संध्याकाळी ६. आज नवीन बाधित: रहिवासी १, कर्मचारी ०. आजवर एकूण: रहिवासी ३, कर्मचारी १. बाधितांना दोन वेगळ्या खोल्यांत ठेवलं आहे, बाकीच्यांची तपासणी उद्या सकाळी. भेटी बंद. पुढचा मेसेज उद्या ६ वाजता.’ शेवटची ओळ कधीही गाळू नका. पुढची खबर कधी येणार हे माहीत असलं की माणूस तोवर दम धरतो. नवीन काही नसलं तरी ‘आज बदल नाही’ एवढं गेलंच पाहिजे.

अमेरिकेत मे २०२० मध्ये तिथल्या केंद्र सरकारने नर्सिंग होमना, म्हणजे वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या निवासी संस्थांना, हेच बंधन घातलं होतं. एक जरी बाधित सापडला, किंवा ७२ तासांत तीन वा अधिक रहिवासी-कर्मचाऱ्यांना श्वसनाची नवी लक्षणं दिसली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत रहिवासी आणि कुटुंबीय दोघांनाही कळवायचं. नावं न देता, आणि काय उपाय चालू आहेत तेही सांगायचं. हा मापदंड आपल्या लहान आश्रमांनीही आपणहून पाळावा. जून २०२० मध्ये जळगावात कोविड रुग्णालयात दाखल असलेली एक वृद्धा बेपत्ता झाली आणि काही दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात तिचा मृतदेह सापडला. ‘आत काय चाललंय कळत नाही’ हे वाक्य तेव्हापासून इथे फार जड झालं आहे.

ज्या घरी वाचणारं कोणी नाही, तिथे लिहिलेल्या मेसेजसोबत तोच मजकूर अहिराणीत, चाळीस सेकंदांच्या व्हॉइस मेसेजमध्ये पाठवा. ‘माय बरी शे’ हे ऐकणं आणि वाचणं यात फरक पडतो. एखाद्याची वैयक्तिक तब्येत मात्र यादीवर कधीच नको. ती फोनवर, ठरलेल्या व्यक्तीलाच.

व्हिडिओ कॉलला यादीचा उपयोग नाही, तो स्वतंत्र लावावा लागतो. इथे हिशेब आधी मांडा. चाळीस रहिवासी, प्रत्येकी दहा मिनिटं बोलणं आणि पाच मिनिटं फोन पुसून पुढच्या खाटेपर्यंत नेणं, म्हणजे सहाशे मिनिटं. एका फोनवर रोज दोन तास दिले तर एक फेरी पाच दिवसांची. घरच्यांना ‘आठवड्यातून एकदा’ असं खरं सांगा. रोजचं वचन देऊन मोडू नका. फोन पुसायला ७० टक्के अल्कोहोलने ओलावलेलं कापड वापरा, फवारा थेट मारू नका. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला तर आवाज दबतो आणि आजोबांना वाटतं, मुलगाच हळू बोलतोय. श्रवणयंत्र असेल तर फोन कानाला लावू नका, शिट्टी वाजते, स्पीकरवर ठेवा. मे महिन्यात दुपारी अंगणात कॉल लावू नका. आपल्याकडच्या उन्हात फोन तापून कॅमेरा बंद पडतो.

आणि हे सगळं होण्याआधी आतल्या माणसांना सांगा. बाहेरच्यांना सहा वाजता कळणार असेल तर आतल्यांना साडेपाचलाच कळलं पाहिजे. नाहीतर कॉलवर लेक विचारते, ‘तुमच्याकडे कोणाला झालाय?’ आणि आईला पत्ताच नसतो. मोठ्या अक्षरांतला कागद चाकाच्या खुर्चीवरून दिसेल अशा उंचीवर लावा, पण त्यावर विसंबू नका. चहाच्या वेळी खाटेजवळ जाऊन वाचून दाखवा. मास्कमुळे ओठ दिसत नाहीत, म्हणून सावकाश, खालच्या पट्टीत बोला. ओरडल्याने शब्द फुटतात. मावशींनी छातीवर स्वतःचा फोटो आणि ठळक नाव लावावं. विस्मरणाचा त्रास असलेल्यांना एकच छोटं वाक्य दिवसातून तीन-चार वेळा सांगावं लागतं, आणि त्याचा कंटाळा करून चालत नाही.

मृत्यूची बातमी यादीवर जायची नाही. आधी ठरलेल्या नंबरवर फोन, तो लागला नाही तर दुसऱ्यावर, आणि दोघांशी बोलणं झाल्यावरच पुढचं. दुसऱ्या दिवशीच्या मेसेजमध्ये फक्त आकडा, नाव नाही. त्याच खोलीतल्या शेजारच्या आजींना कोणीतरी जवळ बसून सांगावं. त्यांनी रिकामी खाट आधीच पाहिलेली असते.