सोफोनिस्बाचा ‘बुद्धिबळाचा डाव’: छापील प्रत कशी आहे?

इटालियन चित्रकर्ती सोफोनिस्बा आंगुइसोला हिने 1555 साली रंगवलेले ‘बुद्धिबळाचा डाव’ हे चित्र पोलंडमधील पोझनानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याची 40 × 50 सेंटीमीटर चौकटीत बसवलेली कॅनव्हासवरील प्रत मी ऑनलाइन मागवली. कापड घट्ट ताणलेले आहे, चौकटही नीटनेटकी आहे. तक्रार आहे ती चित्राच्या छाटणीबद्दल. मूळ चित्र 72 × 97 सेंटीमीटरचे, म्हणजे या चौकटीपेक्षा प्रमाणाने थोडे अधिक आडवे आहे. ते पूर्ण बसवायचे तर वर-खाली कोरी पट्टी सोडावी लागते. विक्रेत्याने तसे न करता उजवी कड छाटली आणि रुंदीचा सुमारे 7 टक्के भाग गेला.

ही छाटणी किरकोळ का नाही, हे चित्राची मांडणी पाहिल्यावर कळते. डाव मांडून बसल्या आहेत त्या सोफोनिस्बाच्या बहिणी. डावीकडे बसलेली लुचिया पटावर हात ठेवून थेट आपल्याकडे पाहते. समोरची मिनर्व्हा एक हात उचलून, ओठ किंचित विलग करून लुचियाकडे पाहते, जणू काही बोलण्याच्या बेतात आहे. दोघींच्या मधली धाकटी एव्रोपा मात्र मिनर्व्हाची फजिती पाहून खुदकन हसते आहे. या तिन्ही नजरांची साखळी उजव्या कडेला उभ्या असलेल्या वयस्क दासीपाशी पोहोचते. डाव तिचा नाही, पण तिचा सुरकुतलेला चेहरा मुलींच्या गुळगुळीत चेहऱ्यांशेजारी असल्यामुळेच वयाचा आणि दर्जाचा फरक डोळ्यांत भरतो. चित्रकर्तीने तिला आधीच कडेला ठेवले आहे. तिथून आणखी कापले की ती चुकून चौकटीत शिरल्यासारखी दिसू लागते.

विशेष म्हणजे पटाच्या कडेवर सोफोनिस्बाने लॅटिनमध्ये लिहून ठेवले आहे की अमिल्कारेच्या या अविवाहित कन्येने आपल्या तीन बहिणी आणि एक दासी प्रत्यक्ष पाहून रंगवल्या. म्हणजे दासीची गणना खुद्द चित्रकर्तीनेच केलेली आहे. हा लॅटिन मजकूर प्रतीत निव्वळ ओरखड्यांसारखा उमटला आहे, पण या मापात त्याहून अधिक अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे ठरेल.

रंगांच्या बाबतीत प्रत समाधानकारक आहे. टेबलावरच्या तुर्की पद्धतीच्या गालिच्याची नक्षी आणि लुचियाच्या जरीच्या पोशाखाचा सोनेरी पोत ओळखता येतो. दूरच्या डोंगरांचा निळसर धूसरपणा मात्र बराच करडा झाला आहे, त्यामुळे मागचा अवकाश उथळ वाटतो आणि आकृत्या पडद्यापुढे बसवल्यासारख्या दिसतात. कलाकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वसारीने इटलीतील क्रेमोना येथे चित्रकर्तीच्या वडिलांच्या घरी हे चित्र पाहून यातल्या व्यक्तींना केवळ वाचाच तेवढी नाही, अशा अर्थाचे कौतुक केले होते. तो जिवंतपणा चेहऱ्यांपुरता या प्रतीतही टिकला आहे, हे मान्य करायला हवे.

हे चित्र 60 × 80 सेंटीमीटरच्या मापात जवळजवळ न कापता बसते, म्हणून ते माप मिळत असेल तर तेच घ्यावे. लहान प्रतच हवी असल्यास छपाईपूर्वी नमुना मागवावा, दासीचा खांदा आणि तिच्यामागची मोकळी जागा शाबूत आहे का ते पाहावे, आणि नसल्यास कोऱ्या पट्टीसह छापून देण्याचा आग्रह धरावा.