फुलांच्या सजावटीच्या वर्गाला हंगामाचे शुल्क आगाऊ भरण्यापूर्वी

पुण्यातील कोथरूड भागात फुलांच्या एका दुकानाने २०२५ च्या जुलै महिन्यात सणांच्या सजावटीचे वर्ग जाहीर केले होते. त्यांसाठी मी ११,२१० रुपये आगाऊ भरले. ठरलेल्या पाच वर्गांपैकी दोनच झाले, त्यांतही एका दिवशी शिकवण्याऐवजी आमच्याकडून दुकानाची ऑर्डर पूर्ण करून घेण्यात आली, आणि दिवाळीच्या तोंडावर दुकानाला कुलूप लागले. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही. पण आता पुन्हा कोणत्याही सणाआधी अशा वर्गांच्या जाहिराती दिसू लागतील, आणि माझ्यासारख्या अनेक जणी त्या वाचून पैसे भरतील, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमच्या घरी उभ्या गौरी असतात. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हापासून आमची आरास खऱ्या फुलांची असते, आणि ती दरवर्षी दुसऱ्या दिवशी माना टाकते. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात मी अनेक वर्षे जाते. तेथील पुष्परचना पाहताना आपल्यालाही हे नीट शिकता आले पाहिजे, असे दरवेळी वाटायचे. शिवाय नोकरीतून निवृत्त झाल्यावर ओळखीतल्या चार घरांच्या हळदीकुंकवाच्या, बारशाच्या सजावटी करून द्याव्यात, असा विचारही मनात होता. त्यामुळे दुकानाबाहेर 'दर शनिवारी मोफत प्रात्यक्षिक' अशी पाटी दिसली, तेव्हा मी आणि माझी नणंद १२ जुलैला तेथे गेलो.

ते प्रात्यक्षिक खरोखर चांगले होते, हे मी मुद्दाम सांगते. शिकवणाऱ्या बाईंचा हात तयार होता. त्यांनी हिरवा फोम, ज्याला फुलवाले 'ओॲसिस' म्हणतात, तो पाण्याच्या टबात अलगद ठेवला आणि आपला आपण बुडू दिला. हाताने दाबला तर बाहेरून ओला दिसतो, पण आत हवा अडकून कोरडा राहतो आणि त्या जागी खोचलेल्या फुलाला पाणी मिळत नाही, हे त्यांनी एक ठोकळा मधोमध कापून दाखवले. आमच्या घरची आरास का सुकत होती, ते मला त्या क्षणी कळले. मग गुलाबाचा देठ तिरका कापणे, पाण्याखाली जाणारी पाने काढून टाकणे, आधी पानांनी फोम झाकून मग मोठी फुले आणि शेवटी जिप्सोची, म्हणजे बारीक पांढऱ्या फुलांची, भर घालणे, हे सर्व त्यांनी पाऊण तासात दाखवले. डच गुलाबांची वीसची जुडी आमच्यासमोर सोडली होती, आणि पाकळ्यांवरचा ताजेपणा लांबूनही दिसत होता. मात्र त्या पाऊण तासात आमच्यापैकी एकीच्याही हातात फूल दिले गेले नाही. त्या वेळी हे मला खटकले नाही.

प्रात्यक्षिक संपताच दुकानाचे मालक पुढे आले. गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, नाताळ आणि संक्रांतीचे हळदीकुंकू अशा पाच सणांचे पाच वर्ग, प्रत्येकी चार तास, फुले आणि साहित्य दुकानाचे, वर एक साहित्याची पेटी आणि शेवटी प्रमाणपत्र, असे त्यांनी सांगितले. शुल्क १२,५०० रुपये होते, पण त्याच दिवशी भरल्यास ९,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. "ताई, फक्त चोवीस जागा आहेत, उद्या आलात तर मला नाही म्हणायला जिवावर येईल," असे ते म्हणाले. एकेका वर्गाचे वेगळे पैसे घेता येतील का, असे नणंदेने विचारले, तर फुलांची नोंदणी शेतकऱ्याकडे आधीच करावी लागते, त्यामुळे ते शक्य नाही, असे उत्तर मिळाले. ते पटण्यासारखे होते. आम्ही क्यूआर कोडवर पैसे भरले. मोबाइलवर जे नाव आले ते दुकानाचे नव्हते आणि मालकांचेही नव्हते. मी विचारले, तेव्हा ते खाते पत्नीच्या नावाचे आहे, असे ते म्हणाले. पावती मिळाली. तिच्यावर जीएसटीचे १,७१० रुपये वेगळे दाखवले होते, पण दुकानाचा पंधरा अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक कोठेही नव्हता. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही' असे छापलेले होते, ते मी घरी आल्यावर वाचले. ज्याच्याकडे नोंदणी नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेण्याचा अधिकारच नसतो, आणि महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो व जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाचे नाव लगेच दिसते. तपासायला दोन मिनिटे लागतात. मी नोकरीत तीस वर्षे कागद तपासले आणि ही दोन मिनिटे मात्र काढली नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते.

पहिला वर्ग २३ ऑगस्टला, गणेशचतुर्थीच्या चार दिवस आधी झाला. आम्ही बावीस जणी होतो. प्रात्यक्षिक देणाऱ्या बाई आल्या नव्हत्या. त्यांच्याऐवजी दुकानात हार बांधणारा विशीतला एक मुलगा होता. तो कष्टाळू होता आणि विचारले की सांगत होता, पण शिकवणे हे त्याचे काम नव्हते. प्रत्येकीसमोर अर्धा ठोकळा फोम, सहा गुलाब, चार जरबेरा आणि थोडी शेवंती ठेवली होती. माझ्या फोमवर आधीच्या देठांची भोके होती. तो मी टबात ठेवला तर बुडेना. तरंगतच राहिला, कारण हा फोम एकदा भिजून पूर्ण वाळला की पुन्हा नीट पाणी धरत नाही. गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या सोलून काढलेल्या होत्या, आणि देठाचे टोक काळपट, बुळबुळीत झाले होते. जरबेराच्या देठात खालून वरपर्यंत तार घातलेली होती. जरबेराला तार घालतातच, त्यात गैर काही नाही. पण मी ती तार काढून पाहिली तेव्हा फूल मान सरळ धरू शकले नाही. शेवंती हातात घेतली की पाकळ्या ओट्यावर गळत होत्या. सणाच्या आठवड्यात फुलांचे भाव वाढतात, माल मिळत नाही, असे कारण मालकांनी दिले. मार्केट यार्डातल्या फुलबाजारात त्या दिवसांत काय गर्दी असते हे मला ठाऊक होते, त्यामुळे मी तेही मान्य केले. चार तासांचा वर्ग दीड तासात आटोपला, आणि साहित्याची पेटी 'पुढच्या वेळी' देण्याचे ठरले.

दुसरा वर्ग २० सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दोन दिवस आधी होता. त्याला त्यांनी 'प्रत्यक्ष कामाचा वर्ग' असे नाव दिले होते, आणि सकाळी दहाला बोलावले होते. त्या दिवशी फुले ताजी होती. झेंडूच्या गोण्याच्या गोण्या उतरल्या होत्या, गुलछडीच्या काड्या बादल्यांतून उभ्या होत्या. आम्हाला तोरणाचे एक आणि टेबलावर ठेवायच्या रचनेचे एक असे दोन नमुने दाखवले गेले आणि तसेच करत राहण्यास सांगितले. सायंकाळी पाचपर्यंत आम्ही बावीस जणींनी साठ रचना आणि चाळीसहून अधिक तोरणे केली. आमच्यातील एका वयस्कर बाईंची बोटे सुईने फुटली होती, त्यांनी चिंधी गुंडाळून काम पूर्ण केले. सव्वापाचला टेम्पो आला, आणि आम्ही केलेला सगळा माल त्यात भरला गेला. कोठे चालला आहे, असे विचारल्यावर चालकाने एका कार्यक्रमाच्या सभागृहाचे नाव सांगितले. ती दुकानाची पैसे घेऊन स्वीकारलेली ऑर्डर होती. मी मालकांना विचारले, "हे आम्हाला आधी का सांगितले नाही?" ते म्हणाले, "ताई, शिकायला ऑर्डरसारखी दुसरी शाळा नाही. बाहेर लोक यासाठी वेगळे पैसे मोजतात." आम्ही पैसे भरून त्यांची मजुरी केली होती, आणि त्यांनी वर आमच्यावर उपकार केल्यासारखे बोलून दाखवले. हे वाक्य मी विसरू शकत नाही.

दिवाळीचा वर्ग ११ ऑक्टोबरला होता, तो आदल्या रात्री संदेश पाठवून १८ तारखेवर ढकलला गेला. १८ ला धनत्रयोदशी होती, त्या दिवशी कोणाच्या घरून कोण निघणार, तरी आम्ही नऊ जणी गेलो. शटर बंद होते. पाटी उतरवलेली होती, आणि भिंतीवर तिच्या जागेचा फिकट चौकोन तेवढा उरला होता. मालकांचा फोन लागत नव्हता. शेजारच्या किराणा दुकानदाराने गाळ्याच्या मालकांशी गाठ घालून दिली, आणि त्यांच्याकडून जे कळले त्यामुळे माझ्या मनातील उरलीसुरली शंका गेली. गाळा अकरा महिन्यांच्या करारावर होता, तो १५ ऑक्टोबरला संपणार होता, आणि करार वाढवणार नसल्याचे फुलांच्या दुकानाच्या मालकांनीच जूनमध्ये कळवले होते. म्हणजे जुलैत आमच्याकडून जानेवारीपर्यंतच्या वर्गांचे पैसे घेताना, ऑक्टोबरनंतर ही जागा आपल्याकडे नसेल, हे त्यांना माहीत होते. धंदा बुडाला, आजारपण आले, असे असते तर मी हा लेख लिहिला नसता. बावीस जणींचे मिळून २,४६,६२० रुपये होतात.

पुढे काय केले तेही लिहिते, कारण बहुतेक जणी 'जाऊ दे' म्हणून येथेच थांबतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. दुकानदाराच्या पावतीवरील पत्त्यावर आणि खाते ज्यांच्या नावे होते त्यांच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. पहिली परत आली, दुसरी स्वीकारली गेली, आणि चार दिवसांनी माझ्या खात्यात ३,००० रुपये जमा झाले, सोबत एक शब्दही नव्हता. पैसे भरताना अनोळखी नाव आले म्हणून मी काढून ठेवलेले मोबाइलवरचे ते चित्र नोटिशीसाठी कामी आले. उरलेल्या रकमेसाठी आम्ही सात जणींनी जिल्हा आयोगाकडे तक्रारी दाखल केल्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ही मुदत दोन वर्षांची आहे, आणि सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. वकील नेमलाच पाहिजे असेही नाही. सदोष सेवेचे पैसे परत करण्यास नकार देणे ही त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा मानली आहे, त्यामुळे पावतीमागे बारीक अक्षरात 'शुल्क परत मिळणार नाही' असे छापले की आपला हक्क संपला, असे समजू नये.

सध्या मी दुसऱ्या एका फुलवाल्याकडे शिकते. तो एका वर्गाचे सातशे रुपये वर्ग झाल्यावर घेतो. पहिल्या दिवशी त्याने मला बादलीसमोर बसवले, हातात कात्री दिली आणि शंभर काड्यांची पाने साफ करायला लावली. त्यांतल्या वीस मी चुकीच्या कापल्या आणि त्या त्याने मला दाखवल्या. फोमऐवजी भांड्यात कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गुंडाळून त्यात फुले उभी करायलाही त्याने शिकवले, जी धुऊन पुन्हा वापरता येते. अशा ठिकाणी जाऊन पाहा. प्रात्यक्षिक कितीही चांगले असले तरी ज्या दुकानात एका वर्गाचे पैसे एका वेळी घेत नाहीत, शिकवणारी व्यक्ती तीच राहील असे लिहून देत नाहीत आणि पाटीवरचे नाव व खात्यावरचे नाव जुळत नाही, तेथे सणाच्या घाईत पैसे भरू नका.

आमच्या तुकडीतील ज्या पंधरा जणींनी अजून तक्रार केलेली नाही, त्यांनी पावती, क्यूआर कोडवरून पैसे भरल्याची नोंद आणि २० सप्टेंबरला केलेल्या रचनांची छायाचित्रे मोबाइलमधून पुसू नयेत. त्या दिवशीच्या टेम्पोचे छायाचित्र कोणाकडे असेल तर ते मला हवे आहे.