सोबत्याची मर्जी मोजावी की त्याला आठवणी द्याव्यात?

रोल-प्लेइंग गेममधले, म्हणजे खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो अशा व्हिडिओ गेममधले, सोबती (खेळाडूबरोबर फिरणारी पात्रे) लिहायला घेताना संवादाच्या पहिल्या ओळीआधीच एक निर्णय घ्यावा लागतो. सोबत्याचे खेळाडूशी असलेले नाते एका आकड्यात मोजायचे, की दोघांनी मिळून पाहिलेल्या प्रसंगांवर ते ठरू द्यायचे? संवादाच्या प्रत्येक फाट्यावरची अट याच निर्णयावर बेतलेली असल्यामुळे अर्ध्या वाटेवर तो बदलणे फार महागात पडते.

आकड्याची पद्धत २००९ च्या 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स'मध्ये स्वच्छ दिसते. तिथे सोबत्याची मर्जी उणे १०० ते अधिक १०० अशा पट्टीवर सरकते, खेळाडूचे बोलणे-वागणे पटले की वाढते, खटकले की घटते, आणि भेटवस्तू देऊनही वाढवता येते. परिणाम ताबडतोब दिसतो, शिवाय आकडा हवा तसा बदलून कोणताही प्रसंग तपासता येत असल्याने चाचणीही सोपी जाते. खोट आहे ती भेटवस्तूंमध्ये. तत्त्वाच्या प्रश्नावर दुखावलेला माणूस दोन-चार वस्तू हाती पडताच निवळतो, हे एकदा लक्षात आले की खेळाडू स्वतःचे मत मांडायचे सोडून समोरच्याला काय ऐकायला आवडेल याचा हिशेब करू लागतो. संवादाची हुजरेगिरी होते, आणि ती त्या सोबत्यालाही छोटे करते.

प्रसंगांवर चालणारी पद्धत २०१० च्या 'फॉलआउट : न्यू वेगास'मधल्या बून या सोबत्यात पाहावी. त्याच्या मर्जीची पट्टी पडद्यावर कुठेही नाही. तो बरोबर असताना घडलेल्या ठरावीक घटनांची नोंद आतल्या आत होत राहते आणि पुरेशा नोंदी झाल्या की त्याच्या भूतकाळाविषयी बोलण्याची वाट खुली होते. काटेकोर पाहिले तर हीसुद्धा मोजदादच आहे, परंतु इथे गोड उत्तराने काही साधत नाही, त्याला बरोबर घेऊन त्या घटनांच्या जागी जावे लागते. तोटाही त्यातूनच निघतो. खेळाडू त्या जागी गेलाच नाही, किंवा दुसऱ्याच सोबत्याला घेऊन गेला, तर बूनच्या भूतकाळाची क्वेस्ट, म्हणजे त्याच्या गोष्टीची कामगिरी, गेममध्ये होती याचा पत्ताही त्याला लागत नाही.

या दोहोंमध्ये बसणारा एक पर्याय आहे. 'ड्रॅगन एज २'मध्ये मैत्री आणि स्पर्धा ही एकाच पट्टीची दोन टोके असून दोन्हींकडे फायदा आहे, तर २०१६ च्या 'टिरनी'मध्ये निष्ठा आणि भीती वेगवेगळ्या मोजल्या जातात. मतभेदाची शिक्षा होत नाही हे उत्तम, पण महत्त्वाचा प्रत्येक प्रसंग दोन सुरांत लिहावा लागतो. लेखक एकच असेल तर या वाटेला न गेलेले बरे.

सोबत्याच्या क्वेस्टची मांडणी हा दुसरा निर्णय. २०१० च्या 'मास इफेक्ट २'मध्ये प्रत्येक सोबत्यासाठी निष्ठेची स्वतंत्र मोहीम आहे आणि शेवटच्या चढाईत कोण वाचणार हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरते. अशा सुट्या मोहिमा वेगवेगळ्या लेखकांना वाटून देता येतात, वेळ अपुरा पडला तर एखादी गाळताही येते. मात्र एकेकाचे गाऱ्हाणे ओळीने निकालात काढत असल्यासारखे वाटते. माझ्या मते त्या गेममधले सर्वांत जिवंत क्षण या मोहिमांच्या बाहेरचे आहेत, मिरांडा आणि जॅक या दोन सोबतिणी एकमेकींवर धावून जातात आणि खेळाडूला मध्ये पडावे लागते तेव्हाचे.

याउलट २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये शॅडोहार्ट या सोबतिणीची गोष्ट मुख्य कथेतच विणलेली आहे. नाइटसाँग या कैद्याला मारावे की सोडावे हा तिच्या श्रद्धेचा पेच, आणि खलनायक केथरिकचे अमरत्वही त्याच नाइटसाँगवर अवलंबून. वैयक्तिक आणि सार्वजनिक प्रश्न एकाच निर्णयात गुंतलेले असल्यामुळे प्रसंगाला वजन येते. पण शॅडोहार्ट मेलेली असेल, पथकात नसेल किंवा रुसून निघून गेली असेल, तरी कथा पुढे सरकलीच पाहिजे, म्हणून तिच्याविनाची प्रत्येक आवृत्तीही लिहावी लागते. सोबत्यांचे अनेक संवाद तळावरच्या विश्रांतीला बांधण्याचा त्या गेमचा निर्णय मला कमी पटतो, कारण जपून खेळणारा, क्वचितच विश्रांती घेणारा खेळाडू नेमका त्यांना मुकतो.

छोट्या चमूने मर्जीची पट्टी दाखवू नये, प्रसंगांच्या नोंदी ठेवाव्यात आणि सोबती एक-दोनच ठेवावेत, असे मी सुचवेन. 'डिस्को एलिझियम' या गेममध्ये खेळाडू पोलीस तपास करतो, तिथे त्याचा सहकारी किम कित्सुरागी हा जवळजवळ पूर्ण तपासभर बरोबर असतो आणि खेळाडूच्या प्रत्येक वेडेपणावर त्याचे काहीतरी म्हणणे असते. आठ सोबत्यांच्या आठ मोहिमांना लागणारे शब्द एकावर खर्च झाले की असा माणूस उभा राहतो. सोबती मोठ्या संख्येने हवेच असतील, तर मात्र आकडा आणि सुट्या मोहिमा हाच झेपणारा मार्ग आहे. त्यातही भेटवस्तूंना मर्जीची ठरावीक मर्यादा ओलांडू देऊ नये आणि निदान दोन सोबत्यांच्या मोहिमा एकमेकींवर आदळतील अशी योजना सुरुवातीलाच करावी.