स्कायरिम: खंजीर की धनुष्य?

स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये लपूनछपून खेळायचंय, पण पर्क (पात्राला मिळणाऱ्या खास क्षमता) कुठे खर्चायचे यावर अडलात? आधी मार बघू. बेसावध शत्रूवर ‘असॅसिन्स ब्लेड’ पर्कने खंजिराचा वार 15 पट बसतो, ‘डेडली एम’ने बाण 3 पट. लोखंडी खंजीरसुद्धा मूळ 4 चे 60 करतो! पण त्या पर्कला स्नीक (लपण्याचं कौशल्य) 50 लागतं, बाणाला 40 पुरतं. शिवाय खंजिरासाठी पार पाठीला खेटावं लागतं. चिलखत खडखडलं की खेळ खल्लास. बाण चुकला तर निदान अंधारात सटकता येतं. उडत्या ड्रॅगनपुढे तर खंजीर शोभेलाच.

गंमत म्हणजे असॅसिन्स ब्लेडची वाट डेडली एमवरूनच जाते. त्यामुळे नवख्याने धनुष्यावर थांबावं. गुहेतले झोपलेले डाकू एका घावात उरकायचे असतील, त्याने पुढचा पर्क घ्यावा.