मुलांना मोटार दाखवायची : तयार किट की तांब्याची तार?

पाचवी ते आठवीच्या मुलांना विजेची मोटार फिरते कशी हे दाखवायला दोन वाटा आहेत. एक तयार किट : तीन व्होल्टची छोटी मोटार, सेलचा डबा, पंखा, दातेरी चाके. दुसरी म्हणजे टॉर्चचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, गोल चपटे चुंबक आणि इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप, चढवलेली तांब्याची तार.

वर्ग मोठा आणि तास एकच असेल तर किट सोयीचे, यात वाद नाही. सेल उलटे घातले की पंखा उलटा फिरतो, हे लगेच दिसते. चाकांनी वेग कमी केला की जोर वाढतो, हेही किटवरच दाखवावे. तारेच्या मोटारीत तेवढा दम नसतो.

पण देवगड असो की श्रीवर्धन, खाऱ्या दमट हवेत सेलच्या डब्यातली स्प्रिंग पावसाळ्यात गंजते. वायर जिथे जोडलेली असते ती रिव्हेट प्लॅस्टिकच्या आड, तिथला गंज तर दिसतही नाही. मोटार बंद. पोर बिचारे सेल बदलते, आपलीच जोडणी चुकली असे समजते. मोटारीच्या डबीत कम्युटेटर, म्हणजे फिरत्या वेटोळ्याची वीज योग्य वेळी पालटणारा भाग, काळा पडला असेल तर तेही बाहेरून कळत नाही, आणि पत्र्याचे कान वाकवून डबी उघडली की कम्युटेटरला घासत वीज देणारे आतले ब्रश पुन्हा क्वचितच जागेवर बसतात. समजावायला आणलेले यंत्र का थांबले, हेच दाखवता येत नाही. मला खटकते ते हे.

तारेच्या मोटारीत सगळे उघड्यावर. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे २४ ते २६ गेजची दीड मीटर नवी तार मागा. जळक्या पंपातली नको, तिचे इनॅमल करपलेले असते. सेलभोवती बारा वेढे घ्या, दोन्ही टोके समोरासमोर सरळ काढा. एका टोकाचे इनॅमल पूर्ण खरवडा. दुसऱ्याचे, वेटोळे उभे धरून, फक्त वरच्या बाजूचे. दोन्ही पूर्ण खरवडली तर वेटोळे अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे असे नुसते डुलते. अर्ध्या फेऱ्यात वीज तुटते म्हणूनच ते गतीच्या जोरावर पुढे जाते, आणि इथे मुलांना कम्युटेटरचे काम कळते. सेलच्या दोन टोकांना एकेक पिन आणि सेलवर चुंबक लावून वेटोळे पिनांवर ठेवल्यावर बोटाने हलकी टिचकी द्यावी लागते. पिन गंजली तर पॉलिश पेपरने घासा.

सेल मात्र पटकन तापतो. वेटोळे थांबले की लगेच उचला. साधा झिंक-कार्बन सेल वापरा, रिचार्जेबल नको. विहिरीचा पंपही असाच का, असे मुले विचारतीलच. नाही, घरगुती पंपाच्या इंडक्शन मोटारीत ना चुंबक, ना ब्रश. जवळचे नाते मिक्सरशी, त्यात कार्बन ब्रश असतात.

निदान किनाऱ्यावर तरी माझा कल तारेकडे आहे. किट हवेच असेल तर दिवाळीनंतर घ्या, आणि पावसाळ्यापूर्वी सेल काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.