पृथ्वी थिएटर, जुहू : प्रायोगिक संस्थेच्या नजरेतून

प्रेक्षकाला पृथ्वी आवडतंच, ते वेगळं सांगायला नको. इथला प्रश्न वेगळा आहे: छोट्या, नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेच्या कलात्मक प्रमुखाने आपलं नाटक तिथे न्यावं का?

शशी आणि जेनिफर कपूर यांनी १९७८मध्ये हे नाट्यगृह सुरू केलं. वास्तुरचना वेद सेगन यांची. खुर्च्या दोनशेच्या आसपास, आणि त्या रंगमंचाच्या तिन्ही बाजूंनी, चढत्या पायऱ्यांवर. दर्शनी पडदा नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाचे पाय जवळजवळ रंगमंचावरच असतात. शिवाजी मंदिर किंवा दीनानाथसारख्या, प्रेक्षक फक्त समोर बसणाऱ्या नाट्यगृहासाठी बसवलेलं नाटक आहे तसं उचलून आणलं, की पहिल्या दहा मिनिटांतच त्याचं पितळ उघडं पडतं. समोरच्यांना नाटक दिसतं, कडेच्यांना पाठी.

म्हणून शेवटच्या दहा-बारा तालमी जमिनीवर टेपने रंगमंचाचा आकार आखून घ्याव्यात आणि तिन्ही बाजूंना एकेक माणूस बसवावा. एकाच बाजूला अर्ध्या मिनिटाहून जास्त पाठ राहिली, तर ती हालचाल बदलायची. संवाद कर्णरेषेत उभं राहून घेतले की निम्मं काम होतं. माइक लागत नाही, पण नट वळला की वाक्याची शेवटची अक्षरं मागच्या बाजूला पोचत नाहीत. उंच पाठीची खुर्ची, कपाट, दाराची चौकट हे सगळं मागच्या भिंतीलगतच. प्रेक्षक वरून पाहतो, त्यामुळे इथे खरं नेपथ्य म्हणजे जमीन. रंगाचं बजेट तिच्यावर घालावं. दिवे आडवे मारले तर समोरच्या बाजूच्या डोळ्यांत जातात, उभ्या कोनात घ्यावे लागतात. ब्लॅकआऊटमध्ये पुढच्या कोपऱ्यातल्या नटाला अंधारात बरीच पावलं मागे यायचं असतं. चमकती पट्टी लावली नाही तर तो पहिल्या रांगेच्या मांडीवर!

आता हिशोब. समजा तिकीट ४०० रुपये आणि १४० खुर्च्या भरल्या, तर गल्ला ५६,००० रुपये. त्यातून नाट्यगृहाचे पैसे, सहा नटांची नाईट (प्रयोगाचं मानधन), दिवे-ध्वनी, टेम्पो आणि जाहिरात. हाती फार उरत नाही. तालमीच्या दोन महिन्यांचा खर्च तर यातून निघतच नाही, तो देणग्यांतूनच. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेव्हा ५५० लावण्याआधी दोनदा विचार करावा. नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र तारीख मागण्याआधीच हातात असलेलं बरं.

मोठं नेपथ्य, वारंवार प्रवेशबदल किंवा पंधरा-वीस नट असतील, तर पृथ्वीचा हट्ट सोडावा. चार-पाच पात्रांचं, शब्दांवर चालणारं नाटक असेल, तर मुंबईत याहून चांगली जागा सापडणं कठीण. इथला प्रेक्षक अनेक भाषांतली नाटकं बघतो, हा मराठी संस्थेला मोठा फायदा. मात्र जाहिरातीत नाटकाची भाषा ठळक लिहावी.

एक गोष्ट विश्वस्तांना आधीच समजावून ठेवावी. खुर्च्यांना नंबर नाहीत, रांगेतून आत जायचं. देणगीदारांच्या निमंत्रणावर वेळ अर्धा तास अलीकडची छापा. तिसऱ्या घंटेनंतर दार उघडत नाही, बाहेर कोणीही उभं असो.